दुप्पट धक्का म्हणजे दुप्पट नुकसान? पूल, धरणं आणि इमारती कशा वागतील याचा अंदाज अभियंते कसा बांधतात

कुठे भूकंपाचा धक्का बसला की व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास फिरतो: 'अमुक धरण ८ रिश्टरपर्यंतचा भूकंप सहन करू शकतं.' त्याच्या जोडीला दुसरा मेसेज असतो: 'अमुक साली एवढा मोठा धक्का पचवला, आता काय होणार?' दोन्ही वाचून धीर येतो. पण दोन्हींच्या मागे एक न बोललेलं गृहीतक आहे. बांधकामावर जेवढा जोर पडेल त्या प्रमाणात त्याचा परिणाम होतो, आणि जोर गेला की सगळं पूर्ववत होतं, असं ते गृहीतक.

लहान जोराला हे बऱ्यापैकी खरं असतं. मोठ्या जोराला ते खोटं ठरतं. अशा वागण्याला अभियांत्रिकीत 'अरेषीय' किंवा सरळ 'नॉन-लिनिअर' म्हणतात. ते काय असतं, कुठून येतं आणि त्याचा अंदाज कसा बांधतात, हे या लेखात पाहू.

थोडक्यात

- रेषीय वस्तूवर दुप्पट जोर लावला तर दुप्पट परिणाम होतो. अरेषीय वस्तूत हे प्रमाण मोडतं.
- अरेषीय वस्तूत जोर किती यासोबत तो कोणत्या क्रमाने, किती वेळ आणि आधी काय घडून गेल्यावर आला, हेही महत्त्वाचं असतं.
- त्यामुळे एकच सूत्र वापरून उत्तर निघत नाही. वेळेचे बारीक तुकडे पाडून, वेगवेगळे धक्के देऊन, पुन्हा पुन्हा हिशोब करावा लागतो.
- शेवटचं उत्तर 'पडेल' किंवा 'पडणार नाही' असं क्वचितच असतं. ते शक्यतेच्या भाषेत असतं.

रेषीय म्हणजे नेमकं काय?

भाजीवाल्याकडचा स्प्रिंगचा काटा आठवा. १ किलो लावला की काटा जेवढा सरकतो, २ किलोला त्याच्या दुप्पट सरकतो. आधी १ किलो कांदे आणि मग अर्धा किलो बटाटे ठेवले, तर दोघांचं सरकणं बेरजेइतकंच होतं. सगळं काढलं की काटा शून्यावर येतो. प्रमाण, बेरीज आणि परत येणं, हे तीन गुण असतील तर अंदाज बांधणं सोपं जातं. एका लहान जोराला काय होतं हे मोजलं की मोठ्या जोराचं उत्तर गुणाकाराने मिळतं.

आता गावच्या मिरवणुकीतला स्पीकर आठवा. आवाज वाढवत नेला की तो एका मर्यादेपर्यंत नुसता मोठा होतो. त्यापुढे आवाज 'फाटतो'. मूळ गाण्यात नव्हतेच असे खरखरीत स्वर ऐकू येतात, कारण स्पीकरचा पडदा आता अ‍ॅम्प्लिफायर सांगेल तेवढा हलूच शकत नाही. आवाज कमी असताना कितीही बारकाईने ऐकलं तरी तो कुठे आणि कसा फाटेल हे कळत नाही. अरेषीय वस्तूंची मुख्य अडचण हीच आहे. लहान जोराची चाचणी मोठ्या जोराबद्दल फारसं सांगत नाही.

एक छोटा हिशोब

समजा एक लोखंडी खांब आहे आणि त्याचं वरचं टोक आपण आडवं ढकलतो आहोत. आकडे सोयीसाठी घेतलेले आहेत.

२० टनांपर्यंत खांब शिस्तीत वागतो: दर १० टनांना १ सेंटीमीटर सरकतो. २० टनांना लोखंड 'नमतं' आणि त्यापुढे दर १ टनालाच १ सेंटीमीटर सरकू लागतो.

- १२ टन लावले: खांब १.२ सेंटीमीटर सरकला.
- २४ टन लावले: पहिल्या २० टनांचे २ आणि पुढच्या ४ टनांचे ४, असे ६ सेंटीमीटर.

जोर दुप्पट झाला, पण सरकणं पाचपट झालं. १२ टनांचे दोन जोर वेगवेगळे मोजून बेरीज केली असती तर २.४ सेंटीमीटर उत्तर आलं असतं. ते साफ चुकलं असतं.

आता जोर काढून घेऊ. परत येताना लोखंड पुन्हा पहिल्या शिस्तीने वागतं, म्हणजे २४ टनांच्या हिशोबाने २.४ सेंटीमीटर मागे येतं. उरलेले ३.६ सेंटीमीटर तसेच राहतात. खांब कायमचा कलला. यानंतर फक्त १५ टनांचा जोर आला, तर नव्या खांबाचं टोक १.५ सेंटीमीटरवर गेलं असतं, पण या खांबाचं टोक मूळ जागेपासून ५.१ सेंटीमीटरवर जाईल. जोर तोच, खांब तोच, उत्तर वेगळं. कारण खांबाला इतिहास आहे.

'एकदा टिकलं म्हणजे पुन्हा टिकेल' हे वाक्य इथेच अडखळतं.

अरेषीयता येते कुठून?

ढोबळमानाने चार वाटांनी.

पहिली वाट म्हणजे साहित्य. लोखंड नमतं, काँक्रीटला तडे जातात, माती पाणी धरून मऊ पडते. दुसरी म्हणजे आकार. उंच खांब कलला की त्याच्या डोक्यावरचं वजनच त्याला आणखी कलवतं. तिसरी म्हणजे संपर्क. दोन भागांमध्ये फट असेल तर ती मिटेपर्यंत वस्तू एका पद्धतीने वागते आणि मिटल्यावर दुसऱ्या. खोल खड्ड्यात गाडीचा शॉकअप पूर्ण दाबला जाऊन 'ठक्क' वाजतो, तेव्हा हेच घडतं. चौथी म्हणजे उलटा परिणाम. इथे वस्तूच्या हलण्यामुळे तिच्यावर येणारा जोरच बदलतो.

चौथ्या आणि पहिल्या वाटेची खरी उदाहरणं पाहू. एक लंडनचं आहे आणि एक आपल्या साताऱ्यातलं.

लंडन, जून २०००: दहा माणसांनी पडलेला फरक

थेम्स नदीवरचा मिलेनियम पूल १० जून २००० रोजी पादचाऱ्यांसाठी खुला झाला. पहिल्याच दिवशी त्यावरून हजारो लोक गेले. गर्दी वाढली तसा पूल डावी-उजवीकडे डुलू लागला. लोकांना कठडे धरून चालावं लागलं. दोनच दिवसांत, १२ जूनला, तो बंद करण्यात आला.

पुलाचा हिशोब कच्चा नव्हता. तो वजनाला पुरेसा मजबूत होता आणि पावलांच्या उभ्या ठोक्याचाही विचार झाला होता. राहून गेला तो आडवा जोर. चालताना माणूस प्रत्येक पावलाला थोडा डावी-उजवीकडे जोर देतो. हजार लोकांचे असे जोर एकमेकांना बरेचसे रद्द करतात, असं धरणं चुकीचं वाटत नाही. पण जमीन हलू लागली की माणूस तोल सांभाळण्यासाठी पाय फाकवून, पुलाच्या हलण्याला जुळवून चालतो. होडीत उभं राहणाऱ्याला हे ठाऊक असतं. हे जुळवून घेणंच पुलाला आणखी ढकलतं.

नंतर अभियंत्यांनी पुलावर माणसं चालवून मोजमाप केलं. पुलाच्या उत्तरेकडच्या गाळ्यावर १५६ जण चालत असताना डुलणं किरकोळ होतं. आणखी दहा जण वाढले, १६६ झाले, आणि डुलणं झपाट्याने वाढू लागलं. माणसं सहा-सात टक्क्यांनी वाढली, पण परिणाम एका प्रकारातून दुसऱ्यात गेला.

कारण असं. कुठलंही बांधकाम हलताना थोडी ऊर्जा गिळतं, म्हणून झोका हळूहळू थांबतो. पुलावरचा प्रत्येक माणूस त्या गिळण्याच्या ताकदीतून थोडी वजा करतो. बेरीज शिल्लक असेपर्यंत सगळं ठीक असतं. शिल्लक शून्याखाली गेली की प्रत्येक झोका आधीच्यापेक्षा मोठा होत जातो. याला 'उंबरठा' म्हणतात. ५० माणसांवर चाचणी करून आकडा चारपट केला असता तर हा उंबरठा दिसलाच नसता.

उपायही याच समजुतीतून निघाला. पूल जाडजूड करण्याऐवजी त्याची ऊर्जा गिळण्याची ताकद वाढवण्यात आली. त्यासाठी मोटारीच्या शॉकअपसारखे ३७ द्रव-डॅम्पर आणि ५० हून अधिक वजनी डॅम्पर बसवले. पुन्हा माणसं चालवून खात्री केली आणि २२ फेब्रुवारी २००२ रोजी पूल उघडला.

कोयना, डिसेंबर १९६७: तडा गेला, धरण उभं राहिलं

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे, साडेचारच्या आधी, कोयनानगर परिसर हादरला. भूकंपाची तीव्रता ६ पेक्षा जास्त होती. दीडशेहून अधिक माणसं दगावली आणि हजारो घरं पडली. जवळच १०३ मीटर उंचीचं कोयना धरण आणि त्यामागे शिवसागर जलाशयाचं पाणी होतं. खालच्या गावांचा जीव या एका भिंतीवर होता.

धरणाच्या आराखड्यात भूकंपाचा विचार होता, पण त्या काळच्या पद्धतीने. धरणाच्या वजनाच्या ५ टक्के एवढा आडवा जोर तळापासून माथ्यापर्यंत सारखा लागतो, असं धरलं होतं. प्रत्यक्षात धरणातल्याच उपकरणाने जे नोंदवलं त्यात नदीच्या प्रवाहाच्या दिशेतलं जमिनीचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास निम्मं, म्हणजे सुमारे ५० टक्के होतं. धरणाच्या लांबीच्या दिशेत ते याहूनही जास्त होतं.

गृहीत धरलेल्याच्या दहापट. साध्या गुणाकाराने धरण वाचायला नको होतं. ते वाचलं. पण धडधाकटही राहिलं नाही. सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच भागांमध्ये आडवे तडे गेले. तेही तळाशी गेले नाहीत, जिथे जोर सर्वांत जास्त असेल असं कुणालाही वाटेल. ते बरेच वर गेले, जिथे धरणाच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो आणि भिंत अचानक बारीक होते.

हे का झालं, याचा शोध अनिल चोप्रा आणि चक्रवर्ती या संशोधकांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला घेतला. त्यांनी नोंदवलेला खरा धक्काच संगणकातल्या धरणाला दिला. धरण दगडासारखं ताठ नसतं. ते सेकंदाला साधारण तीन वेळा मागेपुढे डोलतं आणि उसाचा शेंडा जसा बुडापेक्षा जास्त हलतो तसा त्याचा माथा तळापेक्षा कितीतरी जास्त हलतो. हा सगळा हिसका उताराच्या त्या 'मानेवर' येतो. तिथला ताण काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या ताकदीपेक्षा बराच जास्त निघाला. जागा बरोबर जुळली.

मात्र हा हिशोब रेषीय होता. काँक्रीट कितीही ताण सोसेल आणि तडकणारच नाही, असं त्यात धरलेलं होतं. त्यामुळे तडा कुठे सुरू होईल हे तो सांगू शकला, पण तो किती खोल जाईल आणि वरचा भाग जागेवर राहील का, हे सांगू शकला नाही. खालच्या गावांसाठी तर तोच खरा प्रश्न होता.

त्याचं उत्तर अरेषीय हिशोबात मिळतं. भूकंपाचा हिसका एका दिशेने सेकंदाच्या काही अंशांपुरताच असतो. धरण पुढे झुकलं की मागच्या बाजूचा तडा उघडतो आणि परत फिरलं की तो मिटतो. मिटलेला तडा दाब तसाच सोसतो, फक्त ताण सोसत नाही. वरचा भाग उलटून पडण्याएवढा वेळ त्याला मिळतच नाही. हाच ५० टक्के जोर एकाच दिशेने सलग काही मिनिटं लागला असता तर गोष्ट वेगळी झाली असती. म्हणून 'किती मोठा धक्का' एवढं विचारून भागत नाही.

नंतर धरणाच्या त्या भागांना मागून काँक्रीटचे जाड टेकू देऊन बळकट करण्यात आलं. आणखी एक गोष्ट घडली. धक्का आणि नुकसान या दोन्हींची नोंद असलेलं इतकं मोठं काँक्रीटचं धरण जगात दुर्मीळ आहे. त्यामुळे काँक्रीटचे तडे मोजणारं नवं सॉफ्टवेअर किंवा नवी पद्धत तयार झाली की तिला आधी कोयनेचा धक्का देऊन पाहतात. तडा त्याच मानेवर आला तरच पुढे बोलायचं.

मग अंदाज बांधतात कसा?

१. आधी सोपा हिशोब. लहान जोरापुरतं सगळं रेषीय धरतात. यातून कमकुवत जागा कळतात आणि पुढच्या उत्तराला एक अंदाजे चौकट मिळते. रोजच्या कामात, साध्या इमारतींसाठी, हा हिशोब आणि त्यावर सुरक्षिततेचं माप एवढं पुरतं.

२. वेळेचे तुकडे. मोठ्या जोरासाठी धक्क्याची नोंद सेकंदाच्या शंभराव्या किंवा त्याहून बारीक भागांत तोडतात. प्रत्येक तुकड्याला विचारतात: आता कोणता भाग नमला, कोणता तडा उघडला, कोणती फट मिटली? त्यानुसार बांधकामाचा ताठपणा बदलतात आणि पुढच्या तुकड्याकडे जातात. नेथन न्यूमार्क यांनी १९५९ मध्ये मांडलेली अशीच एक पद्धत आजही सर्रास वापरली जाते. तुकडे अर्धे केल्यावर उत्तर बदललं, तर आधीचं उत्तर भरवशाचं नव्हतं असं समजतात.

३. एक नाही, अनेक धक्के. पुढचा भूकंप मागच्यासारखा नसेल. त्यामुळे वेगवेगळ्या नोंदी वापरतात. अमेरिकेच्या २०१६ च्या इमारत मानकात अशा हिशोबासाठी किमान ११ नोंदी मागितल्या आहेत. एकाच तीव्रतेच्या दोन नोंदींनी तीच इमारत अगदी वेगळी वागू शकते.

४. धक्का वाढवत नेणं. प्रत्येक नोंद पायरीपायरीने मोठी करतात आणि बांधकाम कुठे हाताबाहेर जातं ते पाहतात. मिलेनियम पुलावर एकेक गट वाढवत नेला, त्याचंच हे संगणकातलं रूप. इथे उंबरठा सापडतो.

५. प्रत्यक्ष हलवून पाहणं. जपानमध्ये मिकी शहरात २००५ पासून 'ई-डिफेन्स' नावाचं २० बाय १५ मीटरचं हलतं व्यासपीठ आहे. त्यावर पूर्ण आकाराच्या इमारती बांधून त्यांना खऱ्या भूकंपाच्या नोंदींनी हलवतात. हिशोब कुठे चुकला हे तिथे उघड होतं.

अलीकडे मोजलेल्या माहितीवरून शिकणारी संगणकीय मॉडेलंही वापरात आहेत. ती हिशोब झटपट करतात. पण ज्या जोरांवर ती शिकली त्याच्या पलीकडे त्यांचं उत्तर भरवशाचं राहत नाही. बेताच्या आवाजावर शिकलेलं मॉडेल आवाज कधी फाटेल हे सांगणार नाही.

वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'हे बांधकाम ८ रिश्टर सहन करेल' याचा अर्थ काय?
फारसा काही नाही. रिश्टरचा आकडा भूकंपाच्या उगमाची ताकद सांगतो. तुमच्या पायाखाली काय येईल हे अंतर, खोली आणि माती यांवर ठरतं. दोनशे किलोमीटरवरच्या ८ पेक्षा दहा किलोमीटरवरचा ६ जास्त घातक ठरू शकतो. योग्य प्रश्न असा: या जागेवर जमीन किती आणि कशी हलेल असं धरलं आहे, आणि तेव्हा बांधकामाला काय होईल?

मागच्या धक्क्यात काही झालं नाही, म्हणजे धोका नाही का?
वरून काही दिसलं नाही एवढंच त्यातून कळतं. आतलं लोखंड नमलं असेल किंवा बारीक तडे गेले असतील, तर पुढचा लहान धक्काही जास्त परिणाम करू शकतो. म्हणूनच मोठ्या धक्क्यानंतर तपासणी करायची असते.

तडा गेला म्हणजे धरण फुटणार का?
तसंही नाही. कोयनेला तडे गेले आणि धरण उभं राहिलं. तडा कुठे आहे, किती खोल आहे, त्यातून पाणी येतं का आणि तो वाढतो आहे का, यावर सगळं ठरतं. तड्याचा नुसता फोटो पाहून यातलं काहीच कळत नाही.

एवढे संगणक असूनही नेमकं उत्तर का मिळत नाही?
काँक्रीट प्रत्येक ठिकाणी सारखं नसतं, पायाखालचा खडक पूर्ण माहीत नसतो आणि पुढचा धक्का तर कुणालाच माहीत नाही. रेषीय वस्तूत अशा लहान चुकांनी उत्तरात लहान फरक पडतो. उंबरठ्याजवळ उभ्या असलेल्या अरेषीय वस्तूत त्याच चुकीने उत्तर पार उलटू शकतं. म्हणून प्रामाणिक अहवालात 'अशा धक्क्यात गंभीर नुकसानीची शक्यता इतकी' अशी भाषा असते.

शेवटी

पुढच्या वेळी 'अमुक रिश्टरपर्यंत सुरक्षित' असा मेसेज आला, तर फॉरवर्ड करण्याआधी तीन गोष्टी शोधा: कोणता धक्का गृहीत धरला आहे, तडे आणि नमणं हिशोबात घेतलं आहे का, आणि तो हिशोब कशावर पडताळून पाहिला आहे. तिन्हींची उत्तरं नसतील, तर तो आकडा केवळ धीर देण्यापुरता आहे.